अतिसंवाहकतेच्या मर्यादा



तारेतून वीज वाहताना तार तापते, कारण धातू प्रवाहाला रोध करतो. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता.

अशा तारेची वेटोळी करून प्रचंड शक्तीचे चुंबक बनवावेत, ही ओनेस यांची आशा. पण शिशाच्या तारेने निराशा केली. प्रवाह ठराविक मर्यादेपलीकडे गेला की रोध परत येई. १९१४ साली चुंबकीय क्षेत्र लावून पाहिले, तेव्हाही तेच घडले. तापमान, प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र, तिन्ही मर्यादेत असतील तरच हा गुण टिकतो.

ओनेस यांनी अपयश झाकले नाही; मोजून प्रसिद्ध केले. इतरांनी शोध चालू ठेवला. १९६१ साली अमेरिकेत नायोबियम व कथिल यांच्या संयुगाने ८.८ टेस्ला क्षेत्रातही हा गुण टिकवला. आज एमआरआय यंत्रात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे चुंबक असतात.

मुलांनो, प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आले नाही म्हणून आकडा खोडू नका. तो कोणत्या परिस्थितीत आला, ते शेजारी लिहा.