वकिलाचे युद्ध



युद्धातील कामगिरी म्हटली की गणवेश आणि छातीवरची पदके आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते फौजेतले नव्हते. वकिलीचा झगा उतरवून ते लढ्यात आले.

१९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानात दोन वकील समोरासमोर ठाकले. कासीम रझवी लातूरला वकिली करी. १९४६ मध्ये तो इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांची सशस्त्र फळी त्याच्या शब्दावर चालू लागली. दुसरे नांदेडकडील भोकरचे दिगंबरराव बिंदू. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढे स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीची धुरा बिंदूंनी वाहिली. उमरखेडसारख्या सरहद्दीवरील ठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. त्यांना माणसे हवीत, शस्त्रे हवीत, पैसा हवा! कज्जेदलालीत मुरलेल्या माणसाला हा कारभार सोपा नव्हता.

आता एक अवघड प्रश्न. १९४८ च्या जानेवारीत आपल्या तरुणांनी उमरीच्या बँकेवर छापा घातला. त्याच महिन्यात रझाकारांनी बीबीनगर गाव लुटले. दंडसंहितेच्या पुस्तकात दोन्हींना दरोडा हेच नाव. मग फरक कोणता? उमरीचा पैसा राज्याच्या बँकेतला, आणि तो लढ्यासाठी गेला. बीबीनगरला लुटली गेली ती रयतेची घरे. हा फरक मोठा आहे. तरीही कायदा मोडला गेला, हे सत्य लपवू नये. ज्याने कायद्याचीच भाकरी खाल्ली, त्याला ते ओझे इतरांहून अधिक जाणवले असेल.

हा झगडा दोन धर्मांचा नव्हता. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेले, हे विसरू नका.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. खरी कसोटी त्यानंतरची. रझवीला कोणी भिंतीशी उभे करून गोळी घातली नाही. त्याच्यावर खटले चालले, बचावाची संधी मिळाली. शोएबुल्लांच्या खुनाच्या आरोपातून तो अखेर सुटला. बीबीनगर प्रकरणी शिक्षा झाली. ती शिक्षा १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, तेव्हा हैदराबादचे गृहमंत्री होते दिगंबरराव बिंदू! १९५७ मध्ये सुटून रझवी पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये तिथेच वारला.

ज्या कायद्याला रझवीने तलवारीपुढे तुच्छ मानले, त्याच कायद्याने त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. लढा जिंकणाऱ्यांनी सूडाचा हात आवरून न्यायासन पुन्हा मांडले, ही मला त्या युद्धातील सर्वांत मोठी कामगिरी वाटते. तिला पदक नाही. म्हणून दर १७ सप्टेंबरला हुतात्म्यांना वंदन करताना तिचीही आठवण ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.