पक्ष्याचा शुद्ध पाठ



१८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र टिपले. घरटे जागचे हलत नाही. जेमतेम दहा सेंटीमीटरचा शिंजीर मात्र एका फुलात चोच घालतो न घालतो तोच दुसऱ्यावर गेलेला असतो. त्याच्या मागे धावणाऱ्याच्या हाती रिकामी फांदीच लागते. जाणता छायाचित्रकार फुललेल्या झुडपाशी ठाण मांडतो, कारण शिंजीर मधासाठी तेथे पुनःपुन्हा येतो. सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागापुरतीच कॅमेऱ्याची झडप उघडायची, म्हणजे प्रकाश थोडा; म्हणून संवेदनशीलता वाढवावी लागते आणि चित्रावर दाणे उमटतात.

पुढे संगणकावर होते ते संपादन. या वास्तूला हा शब्द नवा नाही. पोथीचा संपादक लेखनिकाचे हस्तदोष दुरुस्त करतो, पाठभेद नोंदवतो. स्वतःची ओवी मात्र घुसडत नाही. छायाचित्राच्या कडा कातराव्यात, सावली थोडी उजळावी, हे हस्तदोष काढण्यासारखेच. पण दाणे पुसण्याच्या भरात हिवाळी पाहुणा हिरवट पर्णवटवट्या आपल्या पंखावरची फिकट, बारीक आडवी रेघ गमावून बसतो. त्याच्या सारख्या दिसणाऱ्या भाऊबंदांतून त्याला ओळखण्याची ती एक महत्त्वाची खूण! चित्र गुळगुळीत होते आणि नोंद संशयास्पद ठरते.

जांभळ्या शिंजिराच्या नराचे तेज केवळ रंगद्रव्याचे नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे आहे. म्हणून सावलीत तो काळाच दिसतो, आणि ते काळेपणही खरेच असते. तेथे संगणकाने जांभळा रंग भरणे म्हणजे निव्वळ प्रक्षेप. दुर्दैवाने प्रदर्शनात वाहवा मिळते ती बहुधा प्रक्षेपालाच.

याहून घातक संपादन झाडावरच होते. शिंप्याचे घरटे पानांच्या कडा शिवून केलेले. चित्र स्वच्छ यावे म्हणून कोणी आडवी येणारी डहाळी छाटतो. चित्र मिळते, पण पिल्ले उन्हात उघडी पडतात, कावळ्याला वाट दिसते. संगणकावरची चूक सुधारता येते, मूळ फाईल जपली असेल तर. डहाळी दोऱ्याने बाजूला बांधून नंतर सोडता आली असती. त्याहून बरे म्हणजे पिल्ले उडून जाईपर्यंत त्या झाडाकडे फिरकूच नये.