ब्राझिलियातले सहा तास

(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



ऊस आणि इथेनॉल बघायला बारामती-इंदापूरचे आम्ही काही शेतकरी ब्राझीलला गेलो होतो. वाटेत राजधानी ब्राझिलियात पुढच्या विमानाला सहा तास होते. माळरानावर वसवलेली ही राजधानी १९६० सालची. सगळ्यांनी संसदेपुढे फोटो काढले. मला मात्र तिथल्या वसाहती आवडल्या. लुसिओ कोस्ता यांच्या आराखड्यातल्या या इमारती फार तर सहा मजली, खांबांवर उभ्या, खालची जागा सगळ्यांना मोकळी. कुंपण नाही. आम्ही परकी माणसं एका इमारतीखालून सरळ चालत गेलो, कुणी हटकलं नाही. सावलीत म्हातारी माणसं बसलेली, पोरं खेळत होती.

तेव्हा आपलं इमारतीखालचं पार्किंग आठवलं. मी सेक्रेटरी असताना चेंडू गाडीच्या काचेला लागला, म्हणून तिथे लोखंडी जाळी ठोकली. ठराव माझाच. पोरं रस्त्यावर गेली, आजी-आजोबा घरात बसले. चूक माझी झाली. आता २५ वर्षं झाली. एक कोपरा तरी मोकळा करू या. उद्यापासून माझी गाडी बाहेर लावतो.