दोनशे चौरस इंचांचं घर

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय दिला 'निवृत्तीनंतरचा माझा छंद'. कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा पाहिलं, माझ्या आधी नर्मदा परिक्रमा आणि माझ्यानंतर सायकलवरून कन्याकुमारी. मधे मी. आणि माझा छंद काय, तर बाहुल्यांची घरं जोडणं. हसा, हसून घ्या. घरीही हसले. मुलगा म्हणाला, "आई, लोक साठीला सेकंड होम घेतात, तू पुठ्ठ्याचं घेतेस." मी म्हटलं, अंधेरीतले भाव बघता मला परवडणारं तेवढंच आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक खोकं येतं. त्यात लेसरने कापलेल्या पातळ प्लायवूडच्या पाट्या, त्यावर क्रमांक घातलेले तुकडे, भिंतींचे छापील कागद, कापडाचे तुकडे, तारा, मणी, बटण सेलवर चालणारे एलईडी दिवे आणि एक चिमटा. सूचना बहुतेक चित्रांतून. सगळं जोडलं की दोन तळहातांवर मावेल असं घर तयार होतं. या खोक्यांतलं माप बहुधा चोविसास एक, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे अर्धा इंच. बाहुलीघराचं जुनं, रूढ माप मात्र बारास एक. एका फुटाला एक इंच. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी या खेळात पडले ती सुनेने वाढदिवसाला दिलेल्या खोक्यामुळे. बसायची वेळ रात्री नऊ ते साडेदहा. त्याचं कारण माझी आई. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे, माझ्याकडे असते, आणि गेली चार वर्षं तिचं विसरणं वाढत चाललं आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी हे चालू आहे, काहींच्या घरी होऊन गेलंय, त्यामुळे तपशील सांगत नाही. औषध घेऊन ती झोपली की ती उठेपर्यंतचा वेळ माझा. टीव्ही लावला तर आवाज, पुस्तक घेतलं तर चार ओळींत डोळे मिटतात. हे काम मात्र हाताला जागं ठेवतं आणि डोक्याला सोडून देतं.

लोक विचारतात, इतकं किचकट काम, यात आराम कसला? मला वाटतं, आराम सोपेपणात नाहीच. दिवसभर माझ्यापुढे अशी कामं असतात की ती संपली हे कुणी सांगत नाही. आंघोळ झाली की पुन्हा आंघोळ, समजावलं की पुन्हा समजावणं. इथे सत्तेचाळीस नंबरचा तुकडा अठ्ठेचाळीसला लागला की लागला. उद्या सकाळी तो सुटून "मी कोण?" असं विचारत नाही.

आता थोडं कारागिरीचं, कारण मघाशी दोघीतिघींनी चहाच्या टेबलावर विचारलं. डिंक लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून पाहायचं. कापलेल्या कडा नखाच्या कानशीने घासायच्या. फेविकॉल बाटलीतून थेट कधी नाही, टूथपिकच्या टोकाने. भिंतीच्या कागदाला तर इतका पातळ की लावलाय की नाही अशी शंका यावी, नाहीतर कागद फुगतो. झटपट चिकटणारा डिंक खिडकीच्या पारदर्शक तुकड्याजवळ नेऊ नये. त्याच्या वाफेने काच पांढरट होते आणि घराला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. आणि आपल्या मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये नवं खोकं फोडू नये. पाट्या पापडासारख्या वाकतात. मी त्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवते. एका खोक्यात जिन्याच्या तीन पायऱ्याच नव्हत्या. त्या मी आइसक्रीमच्या काडीतून कापल्या, आणि खरं सांगायचं तर त्या घरातला मला सगळ्यात आवडलेला भाग त्या तीन पायऱ्या.

तिथेच काहीतरी खुपायला लागलं. चार खोकी झाली होती. एक फुलांचं दुकान, एक कॅफे, एक काचघर, एक पुस्तकांचं दुकान. चारही सुरेख आणि चारही परक्या गावची. कॅफेत बसणारी बाई कोण हे मला ठाऊक नाही. तिच्या घरात मोरी नाही. चपला कुठे काढायच्या तेही कळत नाही.

लहानाचं घर आपल्याला नवं थोडंच आहे? आपण मुली भातुकली खेळलो. पितळेचा बंब, जातं, पाटा-वरवंटा, रोवळी, शेगडी, सगळं बोटभर. पुण्याच्या विलास करंदीकरांनी अशी भातुकली हजारोंच्या संख्येने जमवली आणि तिची प्रदर्शनं भरवली. त्यातल्या कित्येक भांड्यांची मोठी भावंडं आता कुठल्याच स्वयंपाकघरात दिसत नाहीत. सावंतवाडीची लाकडी फळं आणि पोळपाट-लाटणं तर आपल्यातल्या कोकणवाल्यांच्या घरी मे महिन्याच्या सुटीतून परतताना हमखास यायची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, चरकावर लाखेचा रंग चढवलेली. मुलगे दिवाळीत किल्ला करायचे, त्यावर आळीव पेरून रान उगवायचे, आणि शिवाजी महाराजांच्या दुप्पट उंचीचा मावळा बुरुजावर उभा करायचे. तिथे मापाचा विचार नव्हता, पण ते आपलं होतं. गणपतीला तापलेल्या तारेने थर्माकोलचा महाल कापणारे आपल्या वर्गात निदान तिघं तरी होते. २०१८ च्या बंदीनंतर ते हात काय करतात, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मग मी वाचायला लागले. विंडसरच्या राजवाड्यात राणी मेरीचं बाहुलीघर आहे. ते आखलं एडविन लुटियन्सनी, म्हणजे आपलं दिल्लीचं राष्ट्रपती भवन आखणाऱ्यांनी, आणि १९२१ ते १९२४ या काळात, दिल्लीचं काम चालू असतानाच. माप तेच, फुटाला इंच. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते, बाटल्यांत खरी दारू भरलेली. वाचनालयातल्या चिमुकल्या पुस्तकासाठी कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सची एक छोटी गोष्ट लिहिली. वाचून मी थक्क झाले, पण मोह काही झाला नाही. राजाराणीचं घर लहान केलं तरी राजाराणीचंच राहतं.

मला भेटली ती दुसरी बाई. अमेरिकेतली फ्रान्सिस ग्लेसनर ली. १९४० च्या दशकात तिने बारास एक याच मापात खोल्या करवल्या आणि स्वतः केल्या, पण त्या होत्या संशयास्पद मृत्यू झालेल्या खोल्या. पोलिसांना घटनास्थळ नीट बघायला शिकवण्यासाठी. टेबलावर अर्धवट सोललेले बटाटे, भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे कपडे. बाहुल्यांचे मोजे तिने टाचण्यांवर विणले. श्रीमंत घरची बाई, पण तिने केलेली घरं पुष्कळशी साध्या, ओढगस्तीतल्या माणसांची. तिने घर सजवलं नाही, नोंदवलं. हे मला पटलं.

आमची चाळ तेली गल्लीच्या मागे होती. तुमच्यातल्या पुष्कळांनी तिथे पाणी प्यायलंय, परीक्षेच्या आधी गॅलरीत बसून अभ्यास केलाय. ती पाडून बारा वर्षं झाली. तिच्या जागी आता जे उभं आहे त्याच्या गच्चीवरून मेट्रो दिसते. बाहेरची खोली बारा बाय दहा, स्वयंपाकघर आठ बाय दहा. एकूण दोनशे चौरस फूट, माणसं सात. आता ते माप आठवा. फुटाला इंच धरलं की दोनशे चौरस फुटांचे होतात बरोबर दोनशे चौरस इंच. ए-फोर आकाराचे दोन कागद शेजारी ठेवा, झालं आमचं घर. (याच मापात दोनशे फुटांची गिल्बर्ट हिल करायची तर पावणेसतरा फूट उंच होईल. नातवाने हिशोब करून दिला, वर "आजी, हॉलमध्ये मावणार नाही" हेही सांगितलं.)

याला खोकं मिळत नाही, त्यामुळे सामान शोधणं आलं. कौलांसाठी नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला. दोन फुटी शहाबादीसाठी दोन इंची राखाडी कार्डाचे चौकोन, फटींत फेविकॉलमध्ये कालवलेली राख. कपडे वाळत घालायची दांडी खराट्याच्या काडीची. पातेली म्हणजे आईच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची टोपणं. आईचं लुगडं करताना घाम फुटला, कारण कापड लहान होतं, त्याचा दोरा लहान होत नाही. कशाचंही लुगडं केलं की सतरंजी वाटायची. शेवटी जुन्या मलमलच्या रुमालाला खळ घालून जमलं.

सामान मिळालं, पण घर नीट आठवेना. पोटमाळ्याची शिडी डावीकडे की उजवीकडे? मोरीचा कठडा किती उंच? पुण्याला दादाला फोन केला. चाळीच्या पैशांवरून आमचं बोलणं दिवाळी-राखीपुरतं उरलं होतं. फोनवर तो "बघतो" म्हणाला. रात्री अकराला मेसेज आला: "कठडा नऊ इंच. मी रोज ठेचकाळायचो." मागोमाग वहीच्या कागदावर काढलेला नकाशा. मग रोजच काहीतरी यायला लागलं. खुंट्या चार, तीन नव्हेत. रेडिओच्या वर बाबांचा चष्मा. खिडकीच्या गजांवरून आमचं भांडण झालं. तो पाच म्हणतो, मी सहा. पैशांवर आम्ही अजून बोललेलो नाही. गजांवर बोलतो.

नमुना अर्धा झाला तेव्हा एका दुपारी आईपुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पिंपावर झाकण नाही. पाल पडेल." त्याच रात्री झाकण केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली वळकट्या कुठे आहेत. त्या केल्या. एकदा मांडणीच्या खालच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाली, "इथे डबा असतो. डालडाचा."

"कशाचा डबा गं?"

"फीचा. ह्यांना सांगू नको."

आम्हा तिघा भावंडांपैकी एकालाही हा डबा ठाऊक नव्हता. बाबांना शेवटपर्यंत कळला की नाही, आता विचारायचं कुणाला? सर, बाई, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गात फी गोळा करताना माझं नाव कधी राहिलं नाही, ते या डब्यामुळे असावं. डबा मी केलाय. पिवळा, त्यावर हिरवं झाड. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा. मांडणीखाली असल्यामुळे वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि मला तो तसाच हवा आहे.

या छंदाने आईला बरं वाटलं का, असं डॉक्टरांनीही विचारलं. संध्याकाळ झाली की ती अजूनही पिशवी भरते आणि विचारते, "घरी कधी जायचं?" मी एकदा नमुना पुढे करून म्हटलं, "हे बघ, हेच की घर." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू विसरण्याचा आजार मला झालाय. म्हणाली, "अगं, हे लहान आहे."

बरोबर आहे तिचं. पण पिशवी भरून झाली की हल्ली कधीकधी ती टेबलाशी येऊन बसते, मी चिमट्याने काहीतरी उचलत असते, आणि ती सूचना देते. स्टोव्हची पिन जागेवर ठेव. दिवा इतका मोठा नको, बिल येईल. आईच्या हुकमाखाली काम करण्यातही एक आराम असतो, हे मी विसरून गेले होते.

नमुना आज सोबत आणलाय, मागच्या टेबलावर आहे. बघा, वाका, फोटो काढा. फक्त स्टोव्हला हात लावू नका, तो जेमतेम चिकटलाय.

आणि एक काम आहे तुमच्याकडे. पुढचं घर म्हणजे आपला दहावीचा वर्ग. बाकांची मापं मी मघाशी टेपने घेतली, ते जुने दोन बाक अजून जिन्याखाली आहेत. व्यासपीठाची उंची बाईंनी सांगितली. पण भारताचा नकाशा फळ्याच्या डावीकडे होता की उजवीकडे, यावर आत्तापर्यंत चार जणांनी दोन-दोन अशी मतं दिली आहेत. पंखे किती होते आणि त्यातला कोणता फिरत नव्हता? जेवताना माझ्या टेबलाशी या आणि सांगा. वही-पेन्सिल घेऊन बसले आहे.