रात्रीचा मुक्काम
(गायक-कवी मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

 

आयोजकांनी मला सांगितलं होतं, की आंबेडकरी जलशापासून आजपर्यंतचा आढावा घ्या. मी लिहायला बसलो. नाशिकच्या भीमराव कर्डकांच्या जलशापासून सुरुवात केली आणि लोककवी वामनदादा कर्डकांपाशी आलो, तिथे पेन थांबलं. दादा 15 ऑगस्ट 1922 ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि 2004 साली गेले. मधली सगळी हयात फिरण्यात गेली. गावात आले की दादा उतरत कुठे? वस्तीतल्याच कुणाच्या तरी घरी. त्या घरची भाकरी, त्या घरचं अंथरूण आणि त्या घरचं दुखणं. अशी घरं आजही भेटतात. "दादा इथं बसायचे," म्हणून भिंतीकडची जागा दाखवतात. मग मला प्रश्न पडला, आपल्यापैकी कुणाची जागा कुठलं घर दाखवील? त्या प्रश्नाच्या पुढे माझा आढावा सरकला नाही. बरीच वर्षं मनात धरून ठेवलेलं आज बोलतो. आपलं गाणं मुक्कामात जन्माला येत होतं, आणि तो मुक्काम आपण सोडून दिला आहे.

मी 1985 पासून फिरतो आहे. 14 एप्रिलला सुरू झालेला भीमजयंतीचा हंगाम मेअखेरपर्यंत चालायचा. पेटी एसटीच्या टपावर टाकायला जीव व्हायचा नाही, म्हणून घोंगडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर भला असला तर ठीक, नाहीतर सामानाचं तिकीट. फाट्यावर उतरायचं, तिथून बैलगाडी. रात्री जेवणंखाणं उरकून बुद्धवंदनेनं सुरुवात, ती तांबडं फुटेपर्यंत. मग आमची सात जणांची पार्टी सात घरांत वाटली जायची आणि दुपारपर्यंत झोपायची. बिदागी किती मिळायची ते आज सांगत बसत नाही. फार नव्हती.

1988 चा एप्रिल. बीड जिल्ह्यातलं एक गाव. मला एका विधवा बाईच्या घरी उतरवलं होतं. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरा गेल्यावर ही बाई मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता झाली होती. नुकतीच कारखान्यावरून परतली होती. मी आडवा झालो आणि वर नजर गेली. आढ्याला काहीतरी खोचलेलं होतं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. नीट पाहिलं तर शाळेचा सदरा. लहान मुलाचा, बटणं लावलेला, बाह्यांची गाठ मारलेली. आत कोयता होता. मी विचारलं, "माय, हे काय?" चुलीपुढून मान न वळवता ती म्हणाली, "दरसाली त्याचा सदरा त्येला लहान व्हतो. मंग म्या कोयत्याला घालते. त्येच्या अंगात नवा सदरा हाय तवर ह्यो त्येच्या हाताला लागायचा न्हाई."

मी झोपलो नाही. वही काढली. दुपारी एसटी येईपर्यंत गाणं झालं होतं, चालही तिच्या भाकरी थापण्याच्या ठेक्यावरच बसली होती. दुसऱ्या रात्री पुढच्या गावात ते म्हटलं. टाळी पडली नाही. बायकांच्या बाजूच्या पाच-सहाजणी उठून मंचाजवळ आल्या आणि विचारू लागल्या, "कोण बाई ती? कुठल्या गावची?" नाव मी तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. पण ते गाणं मी तेव्हापासून म्हणतो आहे, आणि ते मला सुचलं असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. ते मला जेवणाबरोबर वाढलं गेलं.

आज सकाळच्या सत्रात ट्रॅकवर गावं की साथीदार न्यावेत, यावर दोन तास कडाक्याचा वाद झाला. दोन्ही बाजू सुराबद्दल, खर्चाबद्दल बोलल्या. मला त्यात वेगळंच दिसतं. पेनड्राइव्ह खिशात घालून एक माणूस येतो, गातो आणि मोटारसायकलवर परत जातो. त्याला अंथरूण लागत नाही. सात जणांची पार्टी आली की गावाला सात दारं उघडावी लागत. सकाळी चहाला आम्ही जमायचो, तेव्हा ढोलकीवाला एका घरचं सांगायचा, कोरसवाला दुसऱ्या घरचं. कुणाच्या घरात पोरीचं लग्न मोडलेलं, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत निवडला गेलेला. सात घरांतलं सुखदुःख एका पेटीभोवती यायचं. हा माझा हिशेब आहे, आणि त्यात ट्रॅक बसत नाही.

सिनेमाच्या चाली घ्याव्यात की नाही, हा दुसरा वाद. घ्या की! जलशांनी लोकांच्या ओठावरच्या चाली घेतल्या, आम्हीही घेतल्या. चाल उसनी चालते, मजकूर उसना चालत नाही. हल्ली मी हंगामात पंधरा-वीस पार्ट्या ऐकतो, आणि गाव बदललं तरी गाण्यातली आई तीच, झोपडी तीच, दिवा तोच. लिहिणाऱ्यानं ती झोपडी आतून पाहिलेलीच नसते.

कुणी म्हणेल, रात्री दहाच्या नियमानं मुक्काम सुटला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहाची कर्ण्यावरची बंदी पक्की केली. मी त्या नियमाच्या विरोधात नाही. शेजारच्या घरात म्हातारं माणूस आजारी असतं, दहावीची पोरगी अभ्यास करत असते. पण कर्णा दहाला बंद करा म्हणणाऱ्या नियमानं गायकाला दहाला हाकला असं कुठं म्हटलंय? उलट रात्र मोकळी मिळाली होती. ती आपण गाडीत घातली. सुपारी आता गाडीसकट ठरते. एका संध्याकाळी दोन ठिकाणं, मग रातोरात पुढचा जिल्हा. 2012 साली अशाच पहाटे आमच्या चालकाचा डोळा लागला. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. माझ्या कोरसमधला मुलगा आजही काठी घेऊन चालतो. त्या रात्री गावातल्या एका आजोबांनी आम्हाला, "राहा, सकाळी जा," म्हणून हात जोडले होते. मी नाही म्हणालो. इसार घेतलेला होता. माझं नाही म्हणणं मला अजून ऐकू येतं.

मुक्काम म्हणजे सगळा गोडवा होता, असंही मी सांगत नाही. तालुक्याच्या गावी आडनाव विचारून खोली नाकारली गेली, तेव्हा पेटी उशाला घेऊन स्टँडच्या फलाटावर झोपलोय. विहारात ओल्या फरशीवर झोपून ताप काढलाय. पण नाकारलेल्या खोलीचंही गाणं झालं. वातानुकूलित गाडीच्या मागच्या सीटवर झोप लागते, गाणं होत नाही.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाबद्दल आणि जुन्या कवींच्या वह्या जपण्याबद्दल मी बोलावं, अशी काहींची अपेक्षा होती. तीही कामं मोठी आहेत, आपण बसून ठरवू. एक काम मी अंगावर घेतो. ज्या घरांत आपले लोक उतरत आले, त्या घरांची गाववार वही करायची. कशी करायची, छापायची की कशी, ते पुढं बघू. माझ्याकडची नावं मी लिहायला घेतली आहेत. तुम्हीही आठवा. त्यातली म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत.

आयोजकांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या जयंतीला पार्टी बोलवाल तेव्हा बिदागीबरोबर मुक्कामही ठरवा. दोन खोल्या नसतील तर ओटा द्या. आणि नव्या पोरा-पोरींनो, तुम्हाला माझं मागणं आहे: वर्षातल्या पाच तारखा तरी अशा घ्या, की जिथून सकाळीच निघायचं. मी आज रात्री परत जाणार नाही. इथल्याच वस्तीत, विहारामागच्या घरी मुक्कामाला आहे. ज्यांना गाडीची घाई नाही, त्यांनी जेवून तिकडे यावं. जय भीम!