कोरडा डोळा आणि अश्रुरंध्राचें बूच

ज्या डोळ्यांतून वारंवार पाणी गळतें तो डोळा कोरडा आहे, असें कोणी सांगितलें तर ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटावयाची. परंतु नेत्रवैद्याकडे येणाऱ्या पुष्कळ रोग्यांची हकीकत नेमकी अशीच असते. सायंकाळीं दिव्यापाशीं वाचावयास बसलें कीं डोळे चुरचुरतात, वाळूचा कण गेल्यासारखें खुपतें, अक्षरें मध्येंच पुसट होतात व पापणी मिटतांच पुन्हां स्पष्ट दिसतात, आणि वाऱ्याची झुळूक लागली कीं गालावर पाणी ओघळतें. घरचीं माणसें म्हणतात, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मा बदलतो, चुरचुर मात्र जशीच्या तशी राहते. या विसंगतीचा उलगडा झाल्यावांचून, डोळ्यांतील पाणी अडविण्यासाठीं वैद्य बूच कां बसवितात, तें ध्यानांत यावयाचें नाहीं.

अश्रु म्हटले कीं दुःख किंवा आनंद आठवतो. परंतु डोळ्याचा खरा आधार रडण्याच्या अश्रूंचा नसून, जागेपणीं डोळ्यावर अखंड पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थराचा आहे. मिलिमीटरचे एक हजार भाग कल्पिले तर त्यांतील सुमारें तीन भाग, एवढीच त्याची जाडी. तळाशीं श्लेष्मा, मध्यें पाणी आणि वर तेलाचा तवंग, अशी त्याची रचना सांगतात. पाणी मुख्यतः अश्रुपिंडांतून येतें. अश्रु मेंदूंतून पाझरतात ही जुनी समजूत खोटी असून ते पिंडांतून स्रवतात, हें नील्स स्टेन्सन या डॅनिश शारीरशास्त्रज्ञानें १६६२ सालीं दाखविलें. तेल पापण्यांच्या कडेंतील बारीक ग्रंथींतून येतें. त्यांचें वर्णन जर्मन वैद्य हाइन्रिख मायबोम यानें १६६६ सालीं केलें, म्हणून त्या आजही त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात.

पाणी कमी पडलें, किंवा तेलाचा तवंग विरळ होऊन पाणी लवकर उडून गेलें, तर हा थर जागोजाग फाटतो. मग बुबुळावरील पारदर्शक पटलास हवा झोंबते, तेथील मज्जातंतु मेंदूकडे तक्रार पोंचवितात, आणि अश्रुपिंड एकदम पुष्कळ पाणी सोडतो. तें पाणी वळवाच्या सरीसारखें असतें. घटकाभर लोट वाहतात, पण जमिनींत ओल मुरत नाहीं. डोळा गळतो आणि तरीही कोरडा राहतो, तो असा.

आतां हें पाणी जातें कोठें? कांहीं भाग हवेंत उडतो. उरलेलें नाकांत उतरतें. प्रत्येक पापणीच्या कडेवर, नाकाकडील कोपऱ्यापाशीं, टांचणीच्या टोकाएवढें एक छिद्र असतें. आरशासमोर उभें राहून खालची पापणी जराशी बाहेर ओढली तर तें दिसतें. हेंच अश्रुरंध्र. तेथून बारीक नलिका अश्रुकोशाकडे जाते, आणि कोशापासून एक वाट नाकांत उघडते. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर थोडें पाणी या वाटेनें ओढलें जातें. रडतांना नाक वाहूं लागतें, किंवा डोळ्यांत घातलेल्या औषधाची कडू चव घशास लागते, त्याचें कारण हेंच.

कोरड्या डोळ्यावर पहिला उपाय म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब. तो चांगला आहे, पण त्यास मर्यादा आहेत. डोळ्यांत एका वेळीं मावणारे अश्रु औषधाच्या एका थेंबाच्या चौथ्या हिश्श्याएवढेही नसतात; त्यामुळें थेंबाचा बराच भाग गालावर तरी येतो किंवा नाकांत तरी जातो. शिवाय कित्येक बाटल्यांतील औषध टिकावें म्हणून घातलेलें द्रव्य दिवसांतून अनेक वेळां डोळ्यांत गेलें, तर नाजूक पृष्ठभागास तेंच अपाय करूं लागतें. नळाला धार बारीक असली कीं घरची गृहिणी मोरीला बोळा लावून पाणी सांठविते. अश्रुरंध्राच्या बुचामागील विचार याहून निराळा नाहीं. बाहेरचें पाणी किती ओतावें, यापेक्षां डोळ्यानें स्वतः निर्माण केलेलें पाणी डोळ्यांतच कसें राहील, हें त्यांत पाहिलें जातें.

ही गरज किती खरी आहे तें स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांच्या १९३३ सालच्या प्रबंधावरून कळतें. त्यांनीं कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांचें वर्णन केलें. त्यांतील बऱ्याच जणींना संधिवातही होता. ही डोळ्यापुरती व्याधि नसून सर्व शरीराची आहे, हें त्यावरून पुढें आलें. अशा रोग्यांत पारदर्शक पटलावर ओरखडे व व्रण पडून दृष्टीसही धोका पोंचूं शकतो. पुढें १९३५ सालीं अमेरिकन नेत्रवैद्य बीथम यांनीं अश्रुरंध्र डागून बंद करण्याचा उपाय वर्णिला. उपाय गुणकारी होता. परंतु डागलेलें रंध्र पुन्हां उघडणें कठीण. निदान चुकलें, किंवा पुढें डोळा अतोनात गळूं लागला, तर रोग्यानें काय करावें? १९६१ सालीं ब्रिटनमध्यें फाउल्ड्स यांनीं नलिकेंत जिलेटिनची विरघळणारी सळई घालून पाहिली. तिनें रंध्र बंद केल्याचा परिणाम अजमावतां येई, पण तो थोडेच दिवस टिके. अखेर १९७५ सालीं अमेरिकेतील फ्रीमन यांनीं रंध्रांत बसणारें इवलेंसें बूच प्रसिद्ध केलें. तें पुष्कळ दिवस राहतें आणि नको तेव्हां काढतांही येतें. या उपायाचें खरें मोल या दुसऱ्या गुणांत आहे.

बहुतेक बुचें सिलिकोनचीं असतात. आंत फुगीर टोंक, मध्यें बारीक मान आणि वर चपटी टोपी, असा त्यांचा आकार. टोपी रंध्राच्या तोंडावर बसते, म्हणून बूच जागेवर आहे कीं नाहीं तें वैद्यास दिसतें. कोलॅजनचीं बुचें कांहीं दिवसांत आपोआप विरघळतात. तीं परीक्षेपुरतीं वापरतात. तिसरा प्रकार नलिकेच्या आंत बसणारा. तो बाहेरून दिसत नाहीं, आणि बिघाड झाला तर काढण्यासही अवघड जातो. बूच बसविण्यास शस्त्रक्रियागृह लागत नाहीं. डोळ्यांत बधिरतेचा थेंब घालून वैद्य सूक्ष्मदर्शकाखालीं रंध्राचें माप घेतो आणि बूच अलगद आंत सरकवितो. बहुधा खालच्या पापणीपासून आरंभ करतात. काम मिनिटांचें असतें, आणि रोगी आपल्या पायांनीं घरीं जातो.

परंतु काम सोपें आहे म्हणून तें प्रत्येकावर करावें, असें नव्हे. आधीं पाणी खरोखरच कमी आहे काय, हें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनीं १९०३ सालीं सांगितलेली परीक्षा अजून प्रचारांत आहे. टिपकागदाची पट्टी खालच्या पापणींत पांच मिनिटें अडकवितात. ती ५ मिलिमीटरही भिजली नाहीं, तर पाणी फारच कमी आहे असें समजतात. तेलाच्या ग्रंथि तुंबल्या असतील तर ऊन शेक व पापण्यांची स्वच्छता यांचा उपयोग अधिक. डोळ्यास दाह असेल तर तो प्रथम शमवावा, असा पुष्कळ तज्ज्ञांचा आग्रह असतो. कारण मोरी बंद केली कीं चांगल्या पाण्याबरोबर दाहक द्रव्येंही आंतच कोंडलीं जातात. सर्दीवरील कित्येक औषधांनीं डोळे कोरडे पडतात. अशा वेळीं बुचाआधीं औषधांची यादी वैद्यास दाखवावी. जगांतील तज्ज्ञांनीं २०१७ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतही बुचांस उपचारांच्या दुसऱ्या पायरीवर ठेवलें आहे, पहिल्या नव्हे.

बुचाचे दोषही सांगितले पाहिजेत. तें कधीं निसटून पडतें, कधीं टोपी डोळ्यास घासते, कधीं पाणी प्रमाणाबाहेर सांचून गालावर येतें. क्वचित् नलिकेंत पू होतो, आणि मग बूच काढावेंच लागतें. वैद्यकीय प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेनें २०१७ सालीं १८ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हां कांहीं रोग्यांस आराम पडल्याचें दिसलें, परंतु निर्णायक म्हणावा असा पुरावा मिळाला नाहीं. तेव्हां हा रामबाण नव्हे. योग्य रोग्यास, योग्य वेळीं दिलेला तो एक उपाय आहे.

घरांत कोणाचे डोळे सदा चुरचुरत वा गळत असतील, विशेषतः उतारवयाच्या स्त्रियांचे किंवा संधिवात असलेल्यांचे, तर दर महिन्यास नवी बाटली आणण्यापेक्षां एकदां नीट परीक्षा करवून घ्यावी. वाचतांना किंवा पडद्याकडे पाहतांना पापण्यांची उघडझाप कमी होते. म्हणून मधून मधून डोळे मिटावे, आणि पंख्याचा झोत तोंडावर घेऊं नये. एवढ्यानें भागलें तर उत्तमच. न भागलें आणि वैद्यानें बूच सुचविलें, तर तें कायमचें कीं विरघळणारें, काढतां येईल कीं नाहीं, आणि पुन्हां दाखवावयास केव्हां यावें, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. तोंड, घसा व सांधेही त्याबरोबर त्रास देत असतील तर तेंही न विसरतां सांगावें; कारण डोळ्याचा कोरडेपणा ही कित्येकदां साऱ्या शरीराच्या दुखण्याची पहिली सूचना असते.