आधी मोजणी, मग नकाशा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नगररचना कधी शिकलो नाही. तरी आज मोहल्ल्याच्या पुनर्विकासावर बोलणार आहे, कारण त्यात मी एक मोठी चूक केली आणि ती तुम्ही करू नये असं वाटतं.

आमची बिल्डिंग माहीमची, दर्ग्यापासून चालत पाच मिनिटांवर. पागडीची, सेसची. जिन्याला टेकू, पावसाळ्यात प्रत्येक घरात बादली. जून २०१३ मध्ये माहीममध्येच अल्ताफ मंझिल कोसळली आणि १० माणसं गेली. त्या रात्रीपासून अम्मी भिंतीची भेग रोज बघते. त्यामुळे एक बिल्डर रंगीत चित्रं घेऊन आला तेव्हा सगळे खूश झाले. यादी करायची जबाबदारी माझ्यावर आली, ‘मुलगा इंजिनिअर आहे’ म्हणून.

मी मोबाइलवर इंग्रजी फॉर्म केला. कुटुंबप्रमुखाचं नाव, पावतीवरचं नाव, खोली नंबर. दोन दिवसांत सगळ्या खोल्या भरून आल्या. एक्सेल शीट हिरवीगार! मी मीटिंगमध्ये ऐटीत ती भिंतीवर दाखवली. तेव्हा दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खाला म्हणाल्या, “बेटा, माझं नाव कुठंय?”

नव्हतंच. पावती त्यांच्या मरहूम सासऱ्यांच्या नावावर. फॉर्म मुंब्र्याला राहणाऱ्या दिरांनी भरला होता. खाला दोन मुलींना घेऊन वीस वर्षं त्या खोलीत राहतात आणि माझ्या शीटमध्ये त्या अस्तित्वातच नव्हत्या. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. माझ्या प्रश्नात होती. मी ‘पावती कुणाची’ विचारलं, ‘इथे राहतं कोण’ हे विचारलंच नाही.

मग मी वाचायला लागलो. उत्तर रेल्वे रुळांपलीकडे, धारावीत सापडलं. १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटींचं अनुदान जाहीर केलं, त्यातला मोठा वाटा धारावीसाठी होता. आराखड्यात हजारो कुटुंबं बाहेर हलवायची होती. तेव्हा जॉकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि स्पार्क संस्था यांनी रहिवाशांना सोबत घेऊन घरोघर मोजणी केली. १९८६ च्या त्या मोजणीत १ लाख ६ हजार कुटुंबं आणि ५ लाख ३० हजार माणसं निघाली. सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. अंदाजावर कुणीही नकाशा काढतो. पण वस्तीनेच नावानिशी मोजलेली माणसं नकाशातून पुसणं सोपं नसतं.

दुसरं उदाहरण भायखळ्याचं. १९८५ मध्ये तिथल्या फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी झाली आणि त्यातूनच पुढे महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली. त्यात आपल्या मुस्लिम बायका पुष्कळ होत्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी साडीच्या लांबीने खोली मापली. लाकूड-कापडाचं खऱ्या मापाचं घर उभं करून पाहिलं. खोली लहान, मग छत १४ फूट उंच ठेवा, आत माळा निघेल, हे त्यांनी ठरवलं. कारण घरात दिवसभर त्याच असतात. पुढे मानखुर्दला त्यांची मिलन नगर सोसायटी झाली.

आता आपल्याकडे बघा. भेंडी बाजारात २००९ पासून दाऊदी बोहरा समाजाचा ट्रस्ट १६.५ एकरांचा प्रकल्प राबवतोय. समाजाने पैसा आणि धीर एकत्र केला की काय होऊ शकतं, हे तिथे दिसतं. पण त्याच प्रकल्पातली हुसैनी इमारत २०१७ मध्ये कोसळली आणि ३३ जण गेले. उशिराची किंमत तीच असते, माहीम असो की भेंडी बाजार.

कायदाही माहीत असू द्या. इमारत धोकादायक ठरली की म्हाडा कायद्याचं कलम ७९-अ मालकाला सहा महिने देतं. त्याने प्रस्ताव दिला नाही, तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला. ५१ टक्के संमती गोळा करायची, आर्किटेक्ट शोधायचा, कागद लावायचे. यादीच तयार नसेल तर हे सहा महिने भांडणातच जातात.

म्हणून आम्ही शीट पुसली आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी प्रत्येक मजल्यावर एक मुलगी आणि एक वयस्कर बाई, हातात वही. प्रश्न मराठीत आणि उर्दूत. कोण राहतं, किती वर्षं, कागद कोणते, आजारी कोण, जिना कुणाला चढवत नाही, घरात शिलाई किंवा डबे करून कोण कमावतं. पोटभाडेकरूही मोजले. यावरून आवाज चढले. दीर मुंब्र्याहून दोनदा आले. वाद अजून मिटलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण वहीत खालांचं नाव आहे, मुलींची नावं आहेत आणि खाली सगळ्या मजल्याच्या सह्या आहेत. आता बिल्डरच्या चित्राला आम्ही प्रश्न विचारतो: डबे करणाऱ्या बाईला ओटा कुठे? लिफ्ट बंद पडली तर देखभालीचा खर्च कोण देणार?

तुमच्यातल्या पुष्कळांना कोडिंग येतं, कायदा येतो, हिशोब येतो. ते घेऊन मोहल्ल्यात जा. पण लॅपटॉप उघडण्याआधी जिना चढा आणि दारात उभ्या असलेल्या बाईला आत बोलवा. तिला बसायला खुर्ची द्या, मग यादी करा.